दोरीवरची ती एक जागा

नव्या कंपाउंड धनुष्याच्या दोरीवर बाण कुठे लावायचा याची खूण नसते. दोरीच्या मध्यावर धाग्याचं वीतभर घट्ट वेष्टण असतं, त्याला सर्व्हिंग म्हणतात. त्या वीतभरात बाणाची जागा एकच, आणि ती मिलिमीटरच्या हिशेबात ठरवायची. तिचं नाव नॉकिंग पॉइंट. धनुष्य हातात आल्यावर मी माझ्या प्रशिक्षक सरांना विचारलं, "मधोमध लावायचा का?" सर म्हणाले, "कशाच्या मधोमध, ताई?" मला उत्तर सुचेना. धनुष्याच्या मध्याजवळ तर आपली मूठ असते. बाण मुठीच्या वरून जाणार. दोघांनाही मधली जागा मिळणं शक्यच नाही. मग बाणाची जागा ठरवतं कोण?

माझ्या हातात धनुष्य आलं त्याचं कारण असं. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या तिरंदाजीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजसने अंतिम लढतीत दीडशेपैकी दीडशे गुण मिळवले, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात. पन्नास मीटरवरच्या त्या वर्तुळाचा व्यास फक्त आठ सेंटिमीटर असतो. ते पाहून माझ्यासारखे चाळिशी उलटलेले लोकही मैदानाकडे वळले. नेम म्हणजे डोळा आणि हात, एवढंच मला ठाऊक होतं. पण सरांनी नेमाचं नावही काढायच्या आधी धनुष्य शिकंज्यात अडकवलं आणि पाना हातात घेतला.

पहिलं काम नॉकिंग पॉइंटचं नव्हतंच, आणि तिथेच मी गोंधळले. सरांनी आधी दोन्ही टोकांच्या कॅमकडे, म्हणजे दोरी ज्यांवरून फिरते त्या चाकांकडे पाहिलं. दोरी पूर्ण ओढली की वरचा आणि खालचा कॅम एकाच क्षणी थांबला पाहिजे. एक पुढे, एक मागे असेल तर बाण सुटताना त्याचं शेपूट वर किंवा खाली ढकललं जातं. मग दोरीवर कितीही अचूक खूण केली तरी ती फुकट. लिंबांचे, म्हणजे धनुष्याच्या लवणाऱ्या भुजांचे, बोल्ट दोन्हीकडे सारखे फिरवलेले आहेत का, कॅमच्या दोन आसांमधलं अंतर आणि मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर कंपनीच्या कागदाशी जुळतं का, हे सगळं झाल्यावर सर म्हणाले, "आता बाण कुठून जायचा ते बघू."

बाण टेकतो तो रेस्टवर. माझ्या धनुष्याला पोलादी पट्टीची, म्हणजे ब्लेडची रेस्ट आहे. रायझरला, म्हणजे धनुष्याच्या धातूच्या मधल्या भागाला, आट्यांचं एक भोक असतं. त्याला बर्गर होल म्हणतात. बाजूने पाहिलं की बाणाची काडी या भोकाच्या मध्यावरून गेलेली दिसली पाहिजे. रेस्टची उंची अशी ठरते. रेस्ट ठरली की दोरीवरची जागा जवळजवळ आपोआप ठरते, कारण बाण दोरीशी काटकोनात हवा. माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला इथे मिळालं. दोरीवरची जागा दोरीवर शोधायचीच नसते, ती समोरून येते.

काटकोन पाहायची रीत गवंड्याची आहे. दोरीला एक छोटी पाणसळ लावायची आणि दोरी ओळंब्यात येईपर्यंत शिकंजा फिरवायचा. दुसरी पाणसळ बाणावर लावायची आणि तिचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत बाणाचं शेपूट वर-खाली सरकवायचं. पाणसळ नसेल तर दोरीला अडकवायचा टी आकाराचा गुण्या मिळतो, त्याचा लांब हात रेस्टवर टेकवून मोजता येतं. मात्र त्या हाताची जाडी आणि आपल्या बाणाची जाडी वेगळी असेल, तर तो फरक हिशेबात धरावा लागतो. मला पाणसळच बरी वाटते, डोळ्याला ती खरं सांगते.

काटकोन नेमका ठेवायचा की शेपूट किंचित वर? मैदानावर दोन जाणत्यांची दोन मतं ऐकून मी पुन्हा चक्रावले. कारण रेस्टमध्ये आहे. बाण सुटताच खाली पडणारी रेस्ट असेल, तर काटकोनापासून सुरुवात करतात. ब्लेडवर बाण पुढे सरकत असताना ती पट्टी लवते, म्हणून तिथे शेपूट एक ते तीन मिलिमीटर वर ठेवून सुरुवात करतात. दोघंही आपापल्या रेस्टबद्दल बरोबर बोलत होते.

मग धाग्याचं काम. नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची खाच, सर्व्हिंगवर हलक्या टिचकीच्या आवाजाने बसली पाहिजे आणि दोरीवर हलकेच बोट मारलं की सुटली पाहिजे. फार घट्टही नको, फार सैलही नको. तिच्या खाली आणि वर पातळ धाग्याच्या बारीक गाठी बांधायच्या, म्हणजे बाण दरवेळी त्याच जागी बसतो. त्यांच्या बाहेरून डी-लूप येतो, जाड दोरीचा छोटा फास. रिलीजचा, म्हणजे दोरी ओढून सोडायच्या हातातल्या साधनाचा, आकडा त्यात अडकतो. लूपच्या दोन गाठी एकमेकींच्या उलट बाजूंना हव्यात, नाहीतर लूप दोरीभोवती फिरतो. टोकं जाळून त्यांचे मणी करायचे, म्हणजे गाठ सुटत नाही. लूप सुटला तर ओढलेलं धनुष्य बाणावाचून सुटल्यासारखं होऊ शकतं, आणि त्यात धनुष्य मोडतं, माणूसही जखमी होतो. म्हणून पक्कडीने लूप ताणून घट्ट केल्याशिवाय सर कुणालाही दोरी ओढू देत नाहीत.

गाठींबद्दलची एक गोष्ट मला फार उशिरा उलगडली. दोरी सरळ असताना नॉकला दोन्ही गाठी अगदी चिकटलेल्या असतील, तर ओढल्यावर दोरीचा कोन अरुंद होतो आणि गाठी नॉकला वरून-खालून चिमटतात. चिमटलेला बाण रेस्टवरून उचलला जातो. म्हणून किंचित फट ठेवायची. हात लावून जाणवेल, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढीच.

एवढं करून मिळते ती फक्त सुरुवातीची जागा. खरी परीक्षा बाण घेतो. चौकटीवर ताणून कागद लावायचा, साधारण दोन मीटरवर उभं राहायचं, कागदामागे बाण थोपवणारी बट ठेवायची आणि बाण कागदातून मारायचा. टोकाचं गोल भोक आणि पिसांच्या चिरा एका जागी आल्या तर बाण सरळ गेला. चिरा भोकाच्या वर असतील तर शेपूट वर होतं. अशा वेळी नॉकिंग पॉइंट थोडा खाली घ्यायचा किंवा रेस्ट थोडी वर. चिरा खाली असतील तर उलट. रेस्टला बारीक स्क्रू असतो, त्यामुळे छोटा फरक तिथे करणं सोपं जातं. लूप सोडून पुन्हा बांधण्यात त्याहून मोठा फरक पडू शकतो. प्रत्येक बदलानंतर एकाच बाणावर विसंबायचं नाही. तीन बाण एकसारखे फाटले तरच ते उत्तर.

कधीकधी काहीही सरकवा, कागद वरच फाटतो. माझा फाटत होता. सरांनी पिसांवर आणि रेस्टवर पायाला लावायच्या पावडरीचा फवारा मारला आणि एक बाण सोडायला लावला. ब्लेडवर स्वच्छ ओरखडा उमटला, पीस तिथे घासत होतं. नॉक थोडी फिरवून पिसांची दिशा बदलली तेव्हा फाट उतरली. दोष दोरीवरच्या जागेचा नव्हताच.

शेवटी बिनपिसांचा बाण. अठरा-वीस मीटरवरून पिसांचे दोन-तीन बाण आणि एक बिनपिसांचा मारायचा. तो बाकीच्यांच्या खाली लागला, तर नॉकिंग पॉइंट वर आहे. हे मला उलटं वाटलं होतं. शेपूट वर म्हणजे टोक खाली, आणि सावरायला पिसं नाहीत, म्हणून तो टोकाच्या दिशेने खाली जातो. एकदा कागदावर रेघा काढून पाहिल्या आणि मग कधीच विसरले नाही. हे सगळं जुळल्यावरच साईट, म्हणजे नेम धरायचं साधन, लावायची, कारण नॉकिंग पॉइंट हलला की साईटचे सगळे आकडे बदलतात.

नवं कंपाउंड घेणाऱ्या प्रत्येकाला माझी एक कळकळीची विनंती आहे. सगळं जुळलं की वरच्या कॅमच्या आसापासून नॉकिंग पॉइंटपर्यंतचं अंतर, रेस्टची उंची आणि दोन आसांमधलं अंतर मोजून वहीत लिहा. नव्या लूपच्या गाठी थोडे बाण मारल्यावर बसतात आणि जागा हलते, तेव्हा पुन्हा मोजा. दोरी बदलली, लूप बदलला, बोल्ट फिरवले की पुन्हा मोजा. बाण वर-खाली जायला लागले तर आपल्या हाताला दोष देण्याआधी वही उघडा आणि पाणसळ लावा.