कमी दिवसांचं बाळ, कोरोनाचा काळ आणि वाढीचा हिशोब

"सातव्या महिन्यात झालंय, त्यात कोरोनातलं. उशिरा बोलणारच ना डॉक्टर?" महाड-पोलादपूरकडच्या आजी-आजोबांकडून हे मी अनेकदा ऐकलं आहे. मी मोठ्यांचा डॉक्टर. आजी बीपीच्या गोळ्यांना येतात, सोबत नातू असतो आणि विषय त्याचा निघतो. म्हणून आज थोडं सविस्तर.

वय कसं मोजायचं?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे कमी दिवसांचं बाळ. त्याचं लसीकरण जन्मतारखेप्रमाणेच करायचं. मात्र वाढ पाहताना पहिली दोन वर्षं त्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजायचं. ३२ आठवड्यांचं बाळ ८ आठवडे लवकर येतं. ते सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवा. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये अनेकांची कागदपत्रं गेली. डिस्चार्ज कार्ड नसलं, तरी आईला ती तारीख बहुधा आठवते.

मग कोरोनाचं काय?

न्यूयॉर्कमध्ये २५५ बाळांचा एक अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीत जन्मलेल्या बाळांचे सहाव्या महिन्यातले गुण आधीच्या बाळांपेक्षा थोडे कमी होते. गरोदरपणी आईला कोरोना झाला होता की नाही, याने फरक पडला नाही. पण ही झाली सरासरी. ते तुमच्या मुलाचं निदान नव्हे.

माझ्या मते खरं नुकसान झालं ते राहून गेलेल्या तपासण्यांमुळे. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासावा लागतो, कानही तपासावे लागतात. २०२० मध्ये एसटी बंद, जिल्हा ओलांडायला ई-पास. "नंतर जाऊ" म्हणता म्हणता काहींचं जायचं राहिलं.

अशाच एका चार वर्षांच्या मुलाला घरचे 'लाजाळू' समजत होते. मागून हाक मारली तर तो वळेना. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. आता मशीन आहे, तो बोलूही लागला आहे. पण जे बोलणं ऐकून ऐकून सहज आलं असतं, त्यासाठी त्याला दर आठवड्याला स्पीच थेरपीला जावं लागतं.

थांबू नका, दाखवा (वय वरीलप्रमाणे मोजून)

• एक वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर वळत नाही
• दीड वर्षाचं होऊनही चालत नाही
• दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही
• येत असलेली गोष्ट करणं बंद झालं (हे कोणत्याही वयात)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. ही तपासणी मोफत असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि तो कमी दिवसांचा आहे हे आवर्जून सांगा.

दोन वर्षांनंतर कमी दिवसांची सवलत संपते. कोरोनाची सवलत तर कधीच नव्हती. मूल आता शाळेत जात असलं आणि कान-डोळे एकदाही तपासले नसतील, तर या महिन्यातच तपासून घ्या.