चाकांवरच्या घरातून फ्लोरिडाच्या पाण्यापाशी

परदेशप्रवास म्हटला की डोळ्यांपुढे विमान, उंच इमारती आणि महागडी हॉटेले येतात. अमेरिकेला जाऊन आलेली मंडळी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, नायगाराचा धबधबा आणि फ्लोरिडा राज्यातली ऑरलँडोची डिस्नेनगरी यांचेच फोटो दाखवतात. परंतु त्याच ऑरलँडोपासून तासाभराच्या अंतरावर जमिनीतून उसळणारे निळेशार झरे आहेत, त्या झऱ्यांत समुद्रगाई आहेत, आणि आणखी दक्षिणेला मगरींचे मोठे दलदलीचे रान आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज शिकूनसवरून अमेरिकेत स्थिरावली आहेत. आईवडील त्यांच्याकडे जातात आणि सहा-सहा महिने घरातच बसून परत येतात. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता, लेक, जावई आणि दहा वर्षांची नात असे पाच जण अटलांटाहून निघालो आणि नऊ दिवस फ्लोरिडाची वाट तुडवली. उत्तरेच्या अमेलिया बेटापासून दक्षिण टोकाच्या एव्हरग्लेड्सपर्यंत. एकही रात्र हॉटेलात काढली नाही.

फ्लोरिडा हे अमेरिकेच्या आग्नेय टोकाचे उबदार राज्य. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला आखात. डोंगर म्हणून नाहीच. राज्यातली सर्वांत उंच जागा अवघी १०५ मीटर. आपल्याकडची साधी टेकडीही तिच्यापेक्षा उंच भरेल! परंतु जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे. पावसाचे पाणी त्यात झिरपते, साठते आणि ठिकठिकाणी झऱ्यांच्या रूपाने वर येते. असे हजाराहून अधिक झरे या राज्यात आहेत.

चाकांवरचे घर

आम्ही भाड्याने घेतलेल्या गाडीला तिकडे आरव्ही म्हणतात. आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरहून मोठी, पंचवीस फूट लांब. आत पलंग, शेगडी, फ्रिज, छोटे न्हाणीघर, संडास. चालवायला साधा परवाना पुरतो; मात्र वळण घेताना आणि मागे घेताना एकाने खाली उतरून हात दाखवणे बरे. डिझेल-पेट्रोलला ही गाडी राक्षसासारखी भुकेली असते, म्हणून रोज थोडेच अंतर कापावे.

सरकारी उद्यानांत अशा गाड्यांसाठी झाडांच्या सावलीत आखलेल्या जागा असतात. तेथे विजेचा खांब, पाण्याचा नळ, बसायला लाकडी बाक आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते. तार जोडली, नळी लावली की घर सुरू. पहिल्याच रात्री आमच्या सौभाग्यवतींनी शेगडीवर भाकरी थापली आणि सोबत नेलेली लसणीची चटणी काढली. शेजारच्या गाडीतले वृद्ध जोडपे वास घेत आले. त्यांनाही अर्धी भाकरी दिली.

एक गोष्ट मात्र आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली, ती येथे सांगितलीच पाहिजे. या गाडीत संडासाचा मैला एका टाकीत आणि मोरीचे पाणी दुसऱ्या टाकीत साठते. दोन-तीन दिवसांनी उद्यानातल्या ठरावीक जागी गाडी न्यायची, हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची आणि आधी मैल्याची टाकी व मागून मोरीची टाकी गटारात रिकामी करायची, म्हणजे मागच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम करायला कोणी माणूस ठेवलेला नसतो. आमच्या पुढे रांगेत एक निवृत्त डॉक्टर होते, मागे एक बांधकाम कंत्राटदार. प्रत्येक जण आपली घाण आपल्या हाताने काढत होता आणि गप्पा मारत होता. कोणाच्या चेहऱ्यावर कमीपणा नव्हता.

नात म्हणाली, "आजोबा, यात एवढे बघण्यासारखे काय आहे?"

तिला काय सांगावे? आपल्या देशात एका माणसाने दुसऱ्याची घाण वाहू नये यासाठी १९९३ साली कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. तरीही गटारात उतरून माणसे मरतच आहेत. श्रमाला जात चिकटवली की काय होते आणि न चिकटवली की काय होते, हे त्या रांगेत उभे राहून कळते.

कोणाचा समुद्र?

अर्थात अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग, असे कोणी समजू नये. ज्या किनाऱ्यांवर आज सगळे मोकळेपणाने हिंडतात, तेथे पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत काळ्या माणसाला पाय भिजवण्याचीही बंदी होती. आमचा पहिला मुक्काम अमेलिया बेटावरच्या फोर्ट क्लिंच उद्यानात होता. विटांचा जुना किल्ला, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारे करडे शेवाळ, वाळूत सापडणारे शार्क माशाचे दात, सगळेच सुंदर. पण आम्हांला ओढ होती ती त्याच बेटावरच्या अमेरिकन बीच या वस्तीची.

ए. एल. लुईस हे फ्लोरिडातले काळे उद्योजक. १९०१ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी काळ्या लोकांसाठी विमा कंपनी काढली. बहुतेक किनारे बंद असल्याने १९३५ साली या कंपनीने समुद्राकाठची जमीनच विकत घेतली. आपल्या लोकांना अपमान न गिळता विसावा घेता यावा, एवढाच हेतू. बसगाड्या भरभरून कुटुंबे येऊ लागली.

लुईस यांची पणती मॅव्हिन बेट्श युरोपात ऑपेरा गायिका होत्या. त्या परत आल्या, आपली सारी संपत्ती पर्यावरणाच्या कामाला देऊन टाकली आणि या किनाऱ्यावरच राहू लागल्या. येथे सुमारे साठ फूट उंचीची वाळूची टेकडी आहे. ती बिल्डरांच्या हातून वाचावी म्हणून त्या अखेरपर्यंत झगडल्या. टेकडी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात आली आणि २००५ साली बाईंनी डोळे मिटले. ज्यांना किनाऱ्यावर येऊ दिले नाही, त्यांच्याच लेकीने किनारा राखला!

एकाच झऱ्याचे दोन काठ

तेथून अडीच-तीन तासांवर सिल्व्हर स्प्रिंग्स. येथेही गाडीसह मुक्काम करता येतो. काचेच्या तळाच्या होड्या १८७० च्या दशकात येथूनच सुरू झाल्या. होडीत बसून खाली पाहावे तर पाणी इतके नितळ, की खोल तळातली वाळू फुंकर घातल्यासारखी उडताना दिसते. कासवे, मासे, बुडालेल्या जुन्या होड्या सगळे हाताशी आल्यासारखे वाटते.

या होड्या वर्षानुवर्षे हाकणारे नावाडी काळे होते. गोऱ्या प्रवाशांना झरा दाखवायचा, पण आपल्या बायकामुलांना तेथे आणायचे नाही! १९४९ साली त्याच नदीवर मैलभर खाली काळ्यांसाठी पॅराडाइज पार्क हे वेगळे उद्यान उघडले. एडी व्हेरीन या व्यवस्थापकाने ते नेटके ठेवले आणि दूरदूरच्या राज्यांतून सहली येऊ लागल्या. १९६९ मध्ये ते बंद झाले. आज तेथे रान माजले आहे. पाणी एकच, वरच्या काठावर मालक, खालच्या काठावर वाळीत टाकलेले. आपल्या गावांतले पाणवठे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

नातीला मात्र येथली माकडे आवडली. ही आपल्या उत्तर भारतात आढळणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांची जात. १९३० च्या दशकात एका होडीवाल्याने प्रवाशांना आकर्षण म्हणून ती नदीतल्या बेटावर सोडली. माकडे पोहतात हे त्याला ठाऊक नव्हते. ती पोहून रानात गेली आणि तेथेच वाढली!

समुद्रगाई

पुढचा मुक्काम ब्लू स्प्रिंगला. मॅनाटी म्हणजे समुद्रगाय. दहा फूट लांब, साडेचारशे किलोच्या घरातली, पाणवनस्पती खाणारी गरीब जनावरे. वीस अंशांखालचे थंड पाणी त्यांना मानवत नाही. म्हणून हिवाळ्यात त्या नदीतून या झऱ्यात येतात, कारण झऱ्याचे पाणी बारा महिने बावीस-तेवीस अंश असते. त्या मुदतीत तेथे माणसांना पोहायला बंदी असते. आम्ही लाकडी कठड्यावरून पाहिले. आया आणि पिले शेजारी शेजारी झोपलेली, मध्येच एखादे नाक वर येई, श्वास सुटे आणि पुन्हा खाली. १९७० च्या सुमारास येथे अगदी थोड्या येत. २०२४ च्या जानेवारीत एका दिवसात ९३२ मोजल्या गेल्या. परंतु त्याच राज्यात २०२१ साली सुमारे ११०० मॅनाटी मेल्या. सांडपाण्याने आणि खतांनी खाडीतले समुद्रगवत नष्ट झाले आणि त्या उपाशी पडल्या. प्रदूषणाचा फटका प्रथम मुक्यांना बसतो.

रस्ता नसलेला किनारा

दक्षिणेकडे जाताना फोर्ट लॉडरडेलजवळ एक दिवस थांबलो. येथल्या किनारी उद्यानाला २०१६ पासून डॉ. व्हॉन मिझेल आणि युला जॉन्सन यांचे नाव आहे. मुक्कामाची सोय नाही; पण खारफुटी, वाळू आणि समुद्र पाहण्यासारखे आहेत. १९५४ साली काळ्यांसाठी म्हणून हा किनारा उघडला, तेव्हा रस्ता बांधून देण्याचे आश्वासन दिले होते. रस्ता झालाच नाही. लोक होडीने येत. शेवटी ४ जुलै १९६१ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, युला जॉन्सन आणि डॉ. मिझेल यांच्या नेतृत्वाखाली काळे स्त्री-पुरुष शहराच्या गोऱ्यांच्या किनाऱ्यावर गेले आणि समुद्रात उतरले. आठवडे लोटले तरी ते येतच राहिले. शहराने कोर्टात धाव घेतली. १९६२ साली कोर्टाने शहराची मागणी फेटाळली.

हे वाचताना महाड आठवल्याशिवाय कसे राहील? मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण पाण्यापर्यंत कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सत्याग्रहींसह चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. तेथे आश्वासन होते, रस्ता नव्हता. येथे ठराव होता, वाट नव्हती. दोन्हीकडे पायांनीच वाट केली.

मगरींचे रान

शेवटचे दोन मुक्काम एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात. प्रवेशद्वारापासून समुद्राकाठच्या फ्लेमिंगो तळापर्यंत ३८ मैल, सुमारे ६१ किलोमीटर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तेथवर गवत आणि गवताखाली हळूहळू सरकणारे पाणी. मार्जोरी स्टोनमन डग्लस या लेखिकेने १९४७ साली पुस्तक लिहून लोकांना सांगितले की ही निरुपयोगी दलदल नाही, ही नदी आहे. त्याच वर्षी उद्यानाचे उद्घाटन झाले. येथे गोड्या पाण्यातल्या अ‍ॅलिगेटर आणि खाऱ्या पाण्यातल्या क्रोकोडाइल या दोन्ही जातींच्या मगरी एकत्र राहतात. अनहिंगा पायवाटेवर पंख पसरून उन्हात बसलेले पक्षी हातभर अंतरावर दिसतात. आपल्या तळ्यांवरच्या तिरंदाज पक्ष्याचेच ते भाऊबंद.

याच दलदलींनी एकोणिसाव्या शतकात सेमिनोल आदिवासींना आसरा दिला. मळ्यांतून पळालेले काळे गुलामही फ्लोरिडात त्यांना येऊन मिळाले आणि सैन्याविरुद्ध बरोबरीने लढले. सेमिनोल आणि मिकोसुकी लोक आजही येथे राहतात.

जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर ते मार्च हा उत्तम काळ. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. २०२४ मध्ये हेलेन आणि मिल्टन या दोन वादळांनी पंधरवड्यात राज्याला झोडपले. उन्हाळ्यात डासही असह्य. राज्य उद्यानांतली जागा फ्लोरिडाच्या रहिवाशांना अकरा महिने आणि इतरांना दहा महिने आधी राखता येते; मुलांना आधीच सांगून ठेवा. मगरीला खाऊ घालणे गुन्हा आहे. पाण्याच्या काठी लहान मुलांना एकटे सोडू नका आणि खुणा केलेल्या जागेबाहेर पोहू नका. रात्री अन्न बाहेर ठेवू नका, रॅकून डबे उघडतो. बाहेरून सरपण नेऊ नका, त्यातून कीड पसरते.

आणखी एक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथल्या सरकारने नऊ राज्य उद्यानांत गोल्फची मैदाने, हॉटेले वगैरे बांधण्याची योजना काढली. सर्व पक्षांचे, सर्व रंगांचे लोक रस्त्यावर आले आणि काही दिवसांतच योजना मागे घ्यावी लागली. २०२५ मध्ये उद्यानांच्या रक्षणासाठी कायदाही झाला. सार्वजनिक जागा श्रीमंताला नसली तरी चालते, त्याचे स्वतःचे अंगण असते. गरिबाचे अंगण म्हणजे सार्वजनिक जागा. आपली तळी, आपले किनारे, आपली उद्याने यांच्याकडेही आपण याच नजरेने पाहिले पाहिजे. मुलांना घेऊन तेथे जावे, जागा स्वच्छ ठेवावी आणि ती कोणी गिळू लागला तर आधी आपण उभे राहावे.