यंत्राच्या शेजारची वही

सागाच्या खोडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा ट्रॅप बांधून झाला की दोघांपैकी एकाला वाघ व्हावं लागतं. वनरक्षक हसत हसत हात-गुडघे टेकतो आणि पायवाटेवरून रांगत कॅमेऱ्यासमोरून जातो. पीएच.डी. करणारी मुलगी बाजूला उकिडवी बसून कॅमेऱ्यावरचा बारीक लाल दिवा लागतो का ते बघत असते. नाही लागला, तर पट्टा सैल करायचा, खोड आणि कॅमेरा यांच्या फटीत काडी खुपसून त्याचं तोंड जरा खाली झुकवायचं आणि वाघानं पुन्हा रांगायचं. समोरचं हातभर गवत उपटून टाकायचं, कारण दुपारच्या वाऱ्यावर तेच डोलत राहतं आणि कार्ड गवताच्या फोटोंनी भरून जातं.

कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला, तर एका वाघाचे दोन व्हायला वेळ लागत नाही. जागा कोणती, हे मात्र यंत्र सांगत नाही. ‘‘इथं नका बांधू जी मॅडम, तो नाल्यानं येते,’’ असं सांगणारा वनमजूर सोबत असावा लागतो. त्याचं ऐकलं तर महिन्याभराचं काम सार्थकी लागतं.

निघण्यापूर्वी एक शेवटचा विधी उरतो. पाटीवर किंवा कागदावर जागेचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरायची. म्हणजे त्या कार्डावरचा पहिला फोटो पाटीचा. नवख्यांना हा पोरखेळ वाटतो. पण बॅटरी बदलताना कॅमेऱ्याचं घड्याळ कधीतरी कारखान्यातल्या तारखेवर जातं, कधी सकाळ-संध्याकाळची गल्लत होते, आणि मग कार्डावर भरदुपारी हिंडणारं घुबड दिसू लागतं. अशा वेळी पाटीवरची वेळ आणि फोटोवर छापलेली वेळ यांतला फरक काढून सगळ्या नोंदी सरकवून घेता येतात. पाटी धरली नसेल, तर वाघ कितीही देखणा असो, तो कधी आला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

यंत्राला स्वतःच्या खोडी असतातच. कॅमेऱ्यातला सेन्सर प्राणी ओळखत नाही. समोरून हलणाऱ्या वस्तूच्या आणि भोवतालच्या तापमानातला फरक तेवढा तो टिपतो. विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवा, दगड आणि वाघाचं अंग यांच्या उष्णतेत फारसा फरक उरत नाही. मग सेन्सर मंदावतो. उलट सह्याद्रीत पावसाळ्यात भिंगावर धुकं बसतं, मुंग्या आत शिरतात. आणि वानरांचं कुतूहल तर विचारूच नका. म्हणजे कॅमेऱ्यात प्राणी आला नाही याचा अर्थ तो तिथे नव्हता असा होत नाही. हिशेब करताना ही शक्यता धरावीच लागते.

मग एवढी उठाठेव कशासाठी? कारण आधीच्या पद्धतीचा अनुभव फार महागात पडला होता. १९६६मध्ये ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. ठशावर काच ठेवून तो गिरवायचा, प्लॅस्टर ओतून साचा काढायचा आणि त्यावरून वाघ ओळखायचा. पुढची चार दशकं देश असेच वाघ मोजत होता. पण ओल्या मातीतला पंजा आणि धुळीतला पंजा सारखा उमटत नाही, आणि ठसा कुणाचा हे ठरवणारा बहुधा ठसा घेणाराच असायचा. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात वाघ उरलेलाच नाही, हे २००५मध्ये उघड झालं. कागदावर मात्र वाघ नांदत होते.

त्याआधीच, नव्वदच्या दशकात, वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये कॅमेऱ्यांनी वाघांचे फोटो काढून संख्याशास्त्राच्या आधारे अंदाज बांधायला सुरुवात केली होती. कॅमेऱ्याची जमेची बाजू अचूकपणापेक्षाही एका वेगळ्याच गोष्टीत आहे. त्याचा फोटो तिसऱ्या माणसाला तपासता येतो. सरिस्कात ठशांच्या नोंदींची वही होती, पण ती पडताळायला दुसरं काही नव्हतं.

कष्ट मात्र कमी झाले नाहीत, फक्त जागा बदलली. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो जमले. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्यांतले वाघाचे फोटो होते ७६,६५१, म्हणजे साडेचारशे फोटोंमागे एक. बाकीच्यांत चितळ, सांबर, रानडुकरं आणि असंख्य इतर जीव. आता चाळणी लावायला संगणक मदतीला असतो. तरीही पूर्वी जी पाठ चालून दुखायची, ती आता पडद्यासमोर बसून दुखते.

या फोटोंमध्ये माणसंही येतात. मोळी घेऊन जाणाऱ्या बायका, गुराखी, मोहफुलं वेचणारी पोरं. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेला एक अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्या नजरांपासून सुटका म्हणून ज्या रानात बायका मोकळेपणानं बोलत-गात, तिथे कॅमेरे आणि ड्रोन आल्यावर त्या अवघडून गेल्या, आवाज खाली आणू लागल्या, असं त्यातून पुढे आलं. कॅमेरा लावताना गावात आधी सांगणं आणि माणसांचे फोटो वेगळे काढून पुसून टाकणं, हेही सेन्सर तपासण्याइतकंच कामाचा भाग आहे.

काही प्राण्यांच्या बाबतीत वाट बघून चालत नाही, त्यांच्या मागेच जावं लागतं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला २००९मध्ये वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि वनविभागानं जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ‘आजोबा’. महिन्याभरात हा गडी रेल्वेमार्ग, महामार्ग ओलांडत जवळपास १२० किलोमीटर चालून मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. बिबट्या माणसांच्या इतक्या जवळून, कुणालाही इजा न करता जातो, हे कॉलरनं दाखवून दिलं. २०१४मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला.

त्याआधी, २०११च्या डिसेंबरमध्ये, वाहनाच्या धडकेत तो मेला. तोवर कॉलरचं काम संपलेलं होतं. हा आजोबाच, हे कळलं ते कातडीखाली टोचलेल्या मायक्रोचिपवरून. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप. तिला ना बॅटरी, ना उपग्रह. स्कॅनर अंगाजवळ नेला की ती फक्त एक आकडा सांगते. तो आकडा दोन वर्षांपूर्वी कुणीतरी नीट लिहून ठेवला होता, म्हणून त्या मृत बिबट्याला नाव मिळालं.

कोकणातल्या कासवांच्या बाबतीतही शेवटी असा आकडाच कामी आला. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात जायची, पण मोठी कासवं पुढे कुठे जातात, हे कोडंच होतं. २०२२मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं वेळास, आंजर्ले आणि गुहागरला पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवले. पहिलीचं नाव प्रथमा. कासव श्वास घ्यायला वर आलं आणि अँटेना पाण्याबाहेर निघाली, तरच संकेत जातो. पाचही कासवांचे संकेत एकेक करून थांबले. यंत्र गळून पडलं, बॅटरी संपली की कासवच गेलं, हे मौनातून ओळखता येत नाही. २०२३मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री मात्र श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत पोचली. पश्चिमेची मादी पूर्वेला जाते, एवढं त्यातून कळलं.

उलटा प्रवास उजेडात आला जानेवारी २०२५मध्ये, गुहागरच्याच वाळूत. अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची छोटी पट्टी दिसली. तिच्यावर आकडा होता ०३२३३. चौकशी केली तेव्हा कळलं, की ही पट्टी २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. किनाऱ्याकिनाऱ्यानं आली असेल तर ती सुमारे ३,५०० किलोमीटर पोहली असावी. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, हा समज त्या आकड्यानं हलवला. त्या पट्टीत बॅटरी नव्हती. गुहागरला कुणीतरी वाकून आकडा वाचला होता आणि ओडिशातल्या नोंदवहीत तो चार वर्षं जपून ठेवलेला होता.