पिवळ्या चिठ्ठ्या

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, असे विचारले की मुले नमाज, रोजा, हज अशी उत्तरे देतात. ती आहे उधारीबद्दल. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आमच्या अब्बांनी तो उमरभर पाळला. शेवटच्या आजारात उजवा हात चालेना, तेव्हा ते सांगत गेले आणि आम्ही लिहीत गेलो. त्यांची खाट कॉम्प्युटरच्या टेबलाला लागूनच होती. एखादे नाव कधी फजरनंतर आठवायचे, कधी औषध घेता घेता. म्हणून विंडोजमध्ये मुळातच असलेला स्टिकी नोट्स हा प्रोग्राम आम्ही सदा उघडा ठेवत असू. पडद्यावर एक पिवळी चिठ्ठी, तिच्यावर नाव, रक्कम, कोणाची अमानत कपाटाच्या कुठल्या खणात. अशा चौदा चिठ्ठ्या झाल्या.

अब्बांचा इंतकाल झाला. वारसांमध्ये वाटणी होण्याआधी मय्यतीवरचे कर्ज फेडायचे असते, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. त्यासाठी भावंडे जमायचा दिवस ठरला. त्याच्या चार दिवस आधी अपडेट चालू असताना वीज गेली, आणि तेव्हापासून स्टिकी नोट्स उघडेना. पिवळी खिडकी क्षणभर दिसायची आणि नाहीशी व्हायची.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, “सर, आणून द्या, फॉरमॅट मारून टाकतो. तासाभराचं काम.” फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणे. कॉम्प्युटर तासाभरात नवा झाला असता, आणि चौदा माणसांचा हिशेब गेला असता. बाकीच्या फाइली काय, त्याने काढून दिल्या असत्या; पण चिठ्ठ्या कुठे असतात हे त्याला ठाऊक नव्हते.

प्रोग्राम वेगळा आणि त्यात आपण लिहिलेले वेगळे. दार अडकले म्हणून आतले सामान गेले असे होत नाही. मात्र दार उघडण्याच्या घाईत सामान जाऊ शकते. ज्यांनी खात्याने साइन-इन केलेले असते त्यांच्या चिठ्ठ्या इंटरनेटवरही राहतात. आमच्या याच डिस्कवर होत्या.

आधी रीस्टार्ट केले. शटडाउन करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलते. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. आमच्या बाबतीत उपयोग झाला नाही.

मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत स्टिकी नोट्स शोधले आणि त्याचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडले. तिथे ‘रिपेअर’ आणि ‘रिसेट’ ही दोन बटणे जवळजवळ आहेत. रिपेअरपाशी लिहिले आहे की मजकुराला धक्का लागणार नाही. रिसेटपाशी लिहिले आहे की मजकूर पुसला जाईल. ही ओळ बारीक अक्षरात का असते, कोण जाणे. रिपेअर दोनदा केले. खिडकी तशीच मिटत राहिली.

रिसेटच्या आधी चिठ्ठ्या हातात घेणे भाग होते. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवायची खूण केली. आपल्या नावाचा फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, लोकल, पॅकेजेस. तिथे ज्याच्या नावात स्टिकी नोट्स आहे तो फोल्डर, त्यात लोकलस्टेट. चिठ्ठ्या ‘प्लम डॉट एसक्यूलाइट’ नावाच्या फाइलीत असतात. शेजारी त्याच नावाच्या, शेपटीला ‘वाल’ आणि ‘एसएचएम’ लागलेल्या आणखी दोन फाइली होत्या. अगदी अलीकडचे लिखाण कधीकधी ‘वाल’मध्येच असते, मुख्य फाइलीत उतरलेले नसते. म्हणून एकच फाइल न उचलता पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला.

तरी खात्री हवी होती. मुलीच्या लॅपटॉपवर एसक्यूलाइटच्या फाइली वाचणारा मोफत प्रोग्राम उतरवला आणि ती प्रत उघडली. ‘नोट’ नावाचा तक्ता, त्यात ‘टेक्स्ट’चा रकाना. मध्ये मध्ये न कळणारी अक्षरे, आणि त्यांच्यामध्ये अब्बांची वाक्ये, ते बोलले तशीच: “कापडवाल्याचे ४,२०० राहिले, तो मागणार नाही, तुम्हीच नेऊन द्या.” मुलगी वाचत होती, तिचा आवाज अडकला. आम्ही ओळी मोजल्या. चौदा.

त्यानंतर बिस्मिल्लाह म्हणून रिसेट दाबले. स्टिकी नोट्स उघडले, कोरे. ते बंद केले, पेन ड्राइव्हवरच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये परत ठेवल्या, पुन्हा उघडले. सगळ्या चिठ्ठ्या पडद्यावर आल्या, अल्हम्दुलिल्लाह. भावंडे जमायच्या आदल्या रात्री आम्ही त्या वहीत शाईने उतरवल्या आणि खाली धाकट्या भावाची सही घेतली.

कापडवाले चाचा पैसे घ्यायला तयार नव्हते. चिठ्ठीतले वाक्य ऐकवले तेव्हा त्यांनी नोटा न मोजता खिशात ठेवल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. खालच्या खणातल्या रुमालातल्या दोन बांगड्या शेजारच्या फुफींना पोहोचल्या. आता तीन नावे उरली आहेत. त्यांतले एक गृहस्थ मुंब्र्याला राहायला गेल्याचे कळते. सुट्टी लागली की जाऊ.