बॅटरी आपली, किल्ली कोणाची?

आमच्या अभ्यास मंडळातला एक जण पिंपरीत टॅक्सी चालवतो. सीएनजीच्या रांगेत रोज तास-दीड तास जातो म्हणून त्याने विजेवरची गाडी घ्यायचे ठरवले आणि मागच्या रविवारी कर्जाची कागदपत्रे घेऊनच तो बैठकीला आला. शोरूममध्ये त्याने विचारले होते, "या दोन मॉडेलांत फरक काय?" उत्तर मिळाले, "काही गोष्टी सॉफ्टवेअरमधून चालू होतात भाऊ, पैसे भरले की." बॅटरीही त्यातच येते का, यावर विक्रेत्याने फक्त माहितीपत्रक पुढे सरकवले.

त्या दिवशीचा ठरलेला विषय बाजूला राहिला आणि दोन तास आम्ही बॅटरीवरच बोललो. दोघे वैतागले, आपण काय गाड्यांची चर्चा करायला जमतो का म्हणून. पण ज्याच्या डोक्यावर सहा वर्षांचा हप्ता बसणार आहे त्याचा प्रश्न चळवळीचा नाही, हे आम्हाला पटत नाही.

भानगड काय आहे ते आधी सांगतो. विजेच्या गाडीची बॅटरी किलोवॅट-अवरमध्ये मोजतात. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. बॅटरीत किती युनिट भरू द्यायचे आणि किती वापरू द्यायचे हे गाडीतले सॉफ्टवेअर ठरवते. थोडी जागा सगळेच राखून ठेवतात, कारण सेल काठोकाठ भरले किंवा पार रिकामे केले की लवकर खराब होतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ७५ युनिटची बॅटरी बसवून ६० युनिटची म्हणून विकण्याबद्दल आणि उरलेल्या १५ युनिटची किल्ली कंपनीने स्वतःकडे ठेवण्याबद्दल.

हे आकडे काल्पनिक नाहीत. अमेरिकेत टेस्लाने २०१३ साली मॉडेल एसची सर्वांत स्वस्त, ४० युनिटची आवृत्ती रद्द केली, कारण मागणी जेमतेम चार टक्के होती. ज्यांनी ती आधीच नोंदवली होती त्यांना ६० युनिटची बॅटरी बसवून दिली आणि सॉफ्टवेअरने ४० वर अडवली. २०१६ मध्ये पुन्हा तेच, ७५ची बॅटरी ६०ची म्हणून. गाडी घेतल्यावर कुलूप उघडायचे तर सुमारे नऊ हजार डॉलर. पुढच्याच वर्षी हा दर दोन हजारांवर आला! बॅटरी तीच, सेल तेच, कारखान्यात कोणी एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. मग ते नऊ हजार नेमके कशाचे होते? २०१९ मध्ये ज्या पस्तीस हजार डॉलरच्या मॉडेल ३चा 'सर्वसामान्यांची गाडी' म्हणून गाजावाजा झाला, तिचाही पल्ला सॉफ्टवेअरने दहा टक्के कमी केलेला होता आणि गरम होणाऱ्या सीट बंद ठेवलेल्या होत्या. सीट आहे, आत तारा आहेत, फक्त तुमच्यासाठी ती गरम होणार नाही.

सगळ्यात बोलका प्रसंग सप्टेंबर २०१७चा. इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर येत होते, माणसे घरदार सोडून उत्तरेकडे पळत होती. एका गाडीमालकाने कंपनीला विनंती केली की आणखी थोडे अंतर मिळाले तर बरे होईल. कंपनीने त्या भागातल्या अशा गाड्यांची कुलपे दूरवरून, काही दिवसांपुरती उघडली. अनेकांनी कौतुक केले आणि त्यात माणुसकी होतीच. पण वादळ गेल्यावर कुलपे पुन्हा बंद झाली. इतके दिवस त्या लोकांच्या बुडाखाली कोणाची वस्तू होती, हे त्या आठवड्यात उघडे पडले.

आमच्यापैकी दोघांची गावाकडे, सातारा जिल्ह्यात, महार वतनाची जमीन आहे. या बैठकीत तिची आठवण निघणे अटळ होते. १८७४च्या कायद्याखालचे वतन म्हणजे जमीन कसायला तुमची आणि त्या बदल्यात तुम्ही गावाचे व सरकारचे राबते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले. वतने रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला. जमिनी परत मिळाल्या, पण 'नवीन शर्ती'वर. आजही सातबाऱ्यावर नाव आमचे आणि शेजारी 'भोगवटादार वर्ग २'. शर्तीतून सुटायचे तर जिल्हाधिकारी आणि नजराणा.

तुलना फार ताणायची नाही. गाडी न घेतल्याने कोणी माणुसकीला मुकत नाही, आणि वतनाची गुलामगिरी चार शोरूमच्या हिशेबात बसवणे हा आमच्या आजोबांचा अपमान ठरेल. शिवाय आमचे एक काका म्हणतात, "ती अट होती म्हणून जमीन राहिली, नाहीतर केव्हाच सावकाराच्या घशात गेली असती." ते खोटे नाही. पण ती अट कायद्यात लिहिलेली आहे. तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो, विधानसभेत प्रश्न विचारता येतो, अपील करता येते. सर्व्हरवरच्या कुलपासाठी कोणत्या कचेरीत जायचे?

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. एकाच प्रकारची बॅटरी बनवली की उत्पादन स्वस्त पडते आणि कमी पैसेवाल्यालाही गाडी मिळते. अडवलेली बॅटरी रोज शंभर टक्के दाखवेपर्यंत चार्ज केली तरी सेल काठोकाठ भरत नाहीत, त्यामुळे ती जास्त टिकू शकते. टॅक्सीवाल्यासाठी हा फायदा मोठा आहे. मात्र तोच टॅक्सीवाला न वापरता येणाऱ्या सेलचे वजनही रोज ओढतो आणि त्या ओढण्याची वीज स्वतःच्या खिशातून भरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त जाहिरातीत एकच असते.

जुनी गाडी घेणाऱ्याचे काय, हा प्रश्न आम्हाला जास्त सतावतो, कारण आपल्या वस्तीत येणारी गाडी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते. २०२२ मध्ये अमेरिकेत अशाच एका तिसऱ्या मालकाची टेस्ला चर्चेत आली. मूळ गाडी ६० युनिटची, पण आधीच्या मालकाच्या काळात वॉरंटीत ९०ची बॅटरी बसवलेली. याने ती ९०ची म्हणून घेतली. काही महिन्यांनी कंपनीने दूरवरून ती पुन्हा ६०वर आणली, सुमारे ८० मैलांचा पल्ला गेला, आणि परत हवा तर साडेचार हजार डॉलर मागितले. बोभाटा झाल्यावर कंपनीने मिटवून घेण्याची तयारी दाखवली. ज्याचा बोभाटा होत नाही त्याचे काय होत असेल?

टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत दुकान उघडले, पण साठ लाखांची गाडी आपल्या हिशेबात नाही. आपल्याकडचा रस्ता थोडा वेगळा आहे. एमजी विंडसर २०२४ मध्ये आली तेव्हा दोन किमती होत्या. ९ लाख ९९ हजारांत गाडी घ्या आणि बॅटरीचे प्रति किलोमीटर साडेतीन रुपये भाडे भरा, किंवा बॅटरीसकट जास्त पैसे मोजा. हे कुलूप नव्हे, उघडपणे सांगितलेले भाडे आहे. तरी आम्ही कागदावर मांडले: टॅक्सी महिन्याला तीन हजार किलोमीटर धावली तर साडेदहा हजार रुपये नुसते बॅटरीचे, चार्जिंगची वीज वेगळी. मित्र बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

शेवटी आम्ही त्याला तीन प्रश्न लिहून दिले. बॅटरीत एकूण किती युनिट आहेत आणि त्यातली वापरता किती येतात, हे बिलावर लिहून देणार का? पैसे भरून वाढवलेली क्षमता गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जाणार का? आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय अपडेटने पल्ला कमी करणार नाही, असे करारात घालणार का?

मंगळवारी तो कागद घेऊन पुन्हा शोरूममध्ये गेला. पहिल्याचे उत्तर तोंडी मिळाले, लेखी नाही. दुसऱ्याला "बहुतेक जाते" एवढेच. तिसरा प्रश्न विक्रेत्याने मोबाईलमध्ये फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला आहे. टोकनचे पैसे अजून मित्राच्याच खिशात आहेत.