जिन्नसवार शंकरपट

कोठ्याच्या आढ्याला टांगलेली छकडी. दोन चाकं, एक आस, एक लांब धुर आणि बसायला वीतभर फळी, संपली. खासरेत पंधरा पोती धान मावायचं, हिच्यात माणूसही धड मावत नाही. सुताराने आणून दाखवली की आजा एका बाजूने उचलून बघायचा आणि म्हणायचा, “अजून हलकी कर गा.” सुतार कुरकुरत पुन्हा रंधा घ्यायचा. पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, छकडीवर ओझं काय ते धुरकऱ्याचं, आणि तोही शक्यतो किडमिडीत निवडलेला. आता तिच्या धुरेला मामेभावाचं हेल्मेट अडकवलेलं असतं.

धुरकरी हा शब्दही निघायच्या बेतात आहे. धुरेवर बसून बैल हाकतो तो. याच धुरेतून मराठीत धुरीण झाले, धुरंधर झाले, आणि पटाच्या उद्घाटनाला फीत कापायला तेच येतात. धुरकरी तेवढा वेळ दाणीच्या टोकाला वेसण धरून, भाषण कधी संपतं याची वाट बघत उभा.

दाण म्हणजे बैल धावायची पट्टी. आमच्या तोंडी ‘दान’. झाडीबोलीत ण तसा कमीच. आमचा भंडारा जिल्ह्यातला मोहाडी तालुका धानाचा. शेत म्हणजे बांध्या आणि बांधीभोवती धुरे, म्हणजे मातीचे बांध. धान कापायच्या आधी, उभ्या पिकाच्या ओलीत लाखोळीचं बी फेकायचं ही इथली रीत; धान निघेपर्यंत खाली लाखोळी हिरवी झालेली असते. ज्याच्या बांध्यांतून दाण जायची त्याला त्या साली लाखोळीवर पाणी सोडावं लागे. मग धुरे फोडायचे, धानाची थुटं खणून काढायची, पाणी मारायचं, दगडी रूळ फिरवायचा. दोन दाणी शेजारी शेजारी, मधे मातीचा वरंबा. पट उठला की फोडलेले धुरे गावाने पुन्हा बांधून द्यायचे. लाखोळीचे पैसे त्याने मागितल्याचं मला आठवत नाही. त्याची बैठक मात्र पंचांच्या शेजारी, सतरंजीवर. आता दाण जेसीबी अर्ध्या दिवसात करतो, आणि तासाचा दर आधी ठरतो.

पुण्याकडच्या लोकांना सांगावं लागतं की आमचा पट म्हणजे तुमच्या घाटातला बैलगाडा नव्हे. तिथे चार बैल, पुढे घोडी, चढण. इथे दोन बैल, एक माणूस आणि सपाट रान. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला एकेक जोडी घड्याळावर धावते. त्या पटाचं नाव मोठं, तिथे बायकाही जोड्या हाकतात. आमच्याकडे दोन जोड्या बरोबरीने सोडायच्या. वेळ किती लागला हे कोणी विचारत नसे. कोणाचं तोंड पुढे, एवढंच.

आणि तिथेच भांडण. झेंडीवाला म्हणायचा डावी, पंच म्हणायचे उजवी, आणि दोन्ही गावं म्हणायची, आमची. तासभर पट थांबायचा. तेवढ्यात आलुबोंड्यांचे दोन घाणे निघायचे, पानठेल्यावर गर्दी व्हायची, आणि कोणीतरी म्हातारा मधे पडून दोघांना पुन्हा धावायला लावायचा. आता टोकाला इलेक्ट्रॉनिक घड्याळ असतं, सेकंदाचा शंभरावा भाग सांगतं. भांडण होत नाही. मला ते चुकल्यासारखं वाटतं, म्हणजे घड्याळ नव्हे, भांडण न होणं.

हंगाम. धान चुरून कोठीत गेलं की पौषात पहिला पट, आणि शिमग्यापर्यंत शेवटचा. गावागावांच्या तारखा एकमेकींच्या अंगावर येऊ द्यायच्या नाहीत, हे कुठे लिहिलेलं नव्हतं पण पाळलं जाई. बैल चालत जात. रात्री जेवून निघायचं, सोबत तणसाची पेंडी, ढेपेचं गाठोडं, एक कंदील. बालाघाट, सिवनीकडच्या जोड्या आल्या की लोक मुद्दाम उठून बघायला जात. त्या उंच, पांढऱ्या गवळाऊ बैलांचं नाव मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून वेगासाठी घेतलं जातं. चालत आलेला बैल एक रात्र थांबायचा, म्हणून माणूसही थांबायचा, म्हणून घराघरात पाहुणे. आता बैल ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बसून येतो आणि संध्याकाळी परत जातो.

आमचे हंगाम इसवी सनाने मोजलेले नाहीत, बैलाने मोजलेले आहेत. ‘खैऱ्या पडला ते साल.’ ‘जोडी फुटली ते साल.’ माझं आवडतं म्हणजे पांढऱ्याचं साल. मी आठवीत होतो. मामाचा पांढऱ्या आणि त्याच्या जोडीला एक बांडा, ज्याला नावच नव्हतं, नुसता बांडा. पाच पट धावले, चार मारले. पाचव्याला मी छकडीमागे धावत होतो म्हणून जवळून दिसलं. झेंडी पडली. पहिल्या शंभर हातांत पांढऱ्याचं तोंड पुढे. धुरकरी जवळजवळ आडवा, त्याची बोटं बांड्याच्या शेपटीत. एवढ्यात गर्दीतल्या कोणीतरी आनंदाने छत्री उघडली. काळी, जानेवारीत. पांढऱ्या वळला तो थेट आलुबोंड्याच्या पालात. धुरकरी वरंब्यावर पडला, उठला, आधी बैलांकडे धावला. कोणाला लागलं नाही, कढई मात्र कलंडली. मामाने दिवसभराचा सगळा माल विकत घेतला. घरी येईपर्यंत आम्ही मातीतले आलुबोंडे झटकून खात होतो. मामी काही बोलली नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मामीचं खरं भांडण खुराकाशी. हंगामाच्या दोन महिने आधीपासून जवसाची ढेप, कणकेचे गोळे, गूळ, आणि घरच्या गाईचं दूध. “लेकराईले ताक अन् बैलाले दूध,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र पळसाच्या पानाने हळद-तूप बैलाच्या खांद्याला लावताना सर्वांत हळू हात तिचाच असे. खांद शेकायची ती. वर्षभर जुवाने घासून जाड झालेला तो घट्टा. त्यावर गरम तूप चढलं की बैल डोळे मिटायचा. “आज खांद शेकले, उद्या जेवाले येजो,” असं त्याला आवतण द्यायचं. पटाचा असो, नांगराचा असो. पटाचा बैल वेगळा नव्हताच म्हणा. जो रोवणीच्या चिखलात राबायचा, जो खळ्यावर मेढीभोवती धान चुरायचा, तोच पौषात दाणीवर उभा राहायचा.

पितळी गुंड. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, तेव्हा बक्षीसही पितळेचं: गुंड, कोपर, परात. पहिल्या नंबरला मोठा गुंड, त्यावर गावाचं नाव ठोक्यांनी कोरलेलं. मामाकडे तीन होते. लग्नाच्या पंगतीला शेजारी मागून नेत आणि कोरलेलं नाव वाचत. पुढे बक्षिसाला पंखा आला, मग कुलर, मग मोटारसायकल. तीनपैकी दोन गुंड मोडीत गेले. तिसऱ्यात मामेभाऊ ट्रॅक्टरचं ग्रीस ठेवतो.

सोयरिक. पटाला लेकी माहेरी येत, जावई येत, जावयाचे भाऊ येत. दुपारी पट बघायचा आणि संध्याकाळी ओसरीवर पोहे खाताना मुलगी कशी दिसते ते बघायचं. कोणी कोणाला बघायला आलंय हे उघड बोलायचं नाही. सगळे बैल बघायला आलेले. आमच्या घरातली दोन लग्नं अशी ठरली. एक चांगलं निघालं. दुसऱ्याबद्दल माझी मावशी अजून म्हणते, बैल बघून नवरा निवडला. आता ठरलेला बायोडाटा फोनवर येतो, फोटोसकट.

रात्रीचं नाटक. दिवसा पट, रात्री नाटक. एकाशिवाय दुसरं अपुरं. वडशाहून मंडळी येत, दहाला पडदा वर, पहाटे कोंबड्याला खाली. झाडीपट्टीचं नाटक अजून जिवंत आहे. 2023 साली या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात घरचा माणूस निवडून आल्यासारखं झालं. गेली ती बैठक. मंडपात गुडघाभर तणस अंथरलेली, त्यावर घरून आणलेला बोरा, त्यावर आपण, कुशीत झोपलेलं पोर. थंडीत खालून तणसाची ऊब. आता खुर्च्या. तणसच नाही, कारण हार्वेस्टर धान घेतो आणि काडी शेतात विस्कटून टाकतो. ती गोळा करायला मजूर परवडत नाही, काडी पेटवतात. काडी नाही तर बैलाला काय घालायचं? आणि रोवणीचा चिखल ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करतं, तर बैल ठेवायचा कशाला?

तुतारी. यादीतली एवढीच वस्तू गेली ते बरं झालं. बांबूची काठी, टोकाला खिळा. वाजवायची नव्हे, टोचायची. पांढऱ्याच्या पुठ्ठ्यावर मी रक्त बघितलेलं आहे, आणि शेपटी दातांनी चावणारे धुरकरीही. मामा म्हणायचा, आपण तसं करत नाही. धुरकरी करत होता आणि मामा दुसरीकडे बघत होता, मीही. त्यामुळे पहिल्यांदा बंदी आली तेव्हा सगळे कोर्टाला शिव्या घालत असताना मला जोर आला नाही.

बंदीचे कागद मामाने कात्रणं करून पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. 11 जुलै 2011 ला केंद्राच्या अधिसूचनेत बैलाचं नाव वाघ-सिंहांच्या रांगेत बसलं: खेळ करून दाखवायला मनाई. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तामिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आमचा पट एकाच दोरीत. 2016 च्या जानेवारीत परवानगी आली आणि आठवडा उलटायच्या आत स्थगिती. 2017 ला महाराष्ट्राने कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली, तीही अडकली. 16 डिसेंबर 2021 ला वाट मोकळी झाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, 1000 मीटरपेक्षा लांब दाण नाही, जनावरांचा डॉक्टर हजर. छळ केला तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. वाईट नाही यातलं काही.

पण या मधल्या वर्षांत आमच्या गावातले कोठे रिकामे झाले, ते काही कोर्टाने केलेले नाहीत. पांढऱ्या म्हातारा होऊन गेला. बांडा बाजारात गेला. ज्या साली पटाला परवानगी मिळाली त्या साली आमच्या आळीत धावायला एक जोडी उरली नव्हती, आणि ट्रॅक्टर चार होते.

2023 च्या हंगामात मी मामाला शेजारच्या गावच्या पटाला घेऊन गेलो. आधी मोहाडीत चौंडेश्वरीला नारळ फोडला, जुनी सवय. दाण सुरेख होती, लाउडस्पीकर दणदणीत, घड्याळाचे लाल आकडे लांबून दिसत होते. मामा दाणीकडे गेलाच नाही. गाड्या उभ्या होत्या तिकडे वळला, जोड्या बघत. एका पांढऱ्या जोडीशी थांबला. कातडी काचेसारखी, शिंगं घासलेली, पायात चाळ. मालक पंचविशीतला, कमरेला फोन.

“कितीले घेतले जी?” पोराने आकडा सांगितला. लाखांतला. मामाने मान हलवली, मग न विचारता जवळच्या बैलाच्या मानेवरून हात मागे नेला आणि खांद्यावर थांबवला. चाचपलं. दुसऱ्या बाजूने चाचपलं.

“घट्टा नाही गा याले.”

“नांगराले नाही जुपत ना आबाजी,” पोरगा म्हणाला. “पटाचाच आहे तो.”

“मंग पोळ्याले काय शेकता?”

पोरगा हसला. लाउडस्पीकरवर त्याच्या जोडीचं नाव पुकारलं होतं. तो बैल सोडायला वळला, आणि मामाने हात काढून घेतला.