काचेमागचे तथागत

आम्ही उभयता विक्रोळीबाहेर फारसे गेलेलो नाही. दरवर्षी नागपूरची दीक्षाभूमी, एकदा बुद्धगया आणि लग्नकार्याला गाव, एवढाच आमचा प्रवास. लेक जर्मनीत नोकरीला लागली आणि गेल्या जुलैत तिने आम्हाला बोलावून घेतले. शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची रजा टाकली अन् म्हणाली, "आई, बाबा, चला, तुम्हाला स्वीडनची राजधानी दाखवते."

स्टॉकहोम हे चौदा बेटांवर वसलेले शहर. जिकडे पाहावे तिकडे पाणी, पूल आणि होड्या. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी ऊन हटेना, जेवायला बसावे की चहा ठेवावा, कळेना! नळाचे पाणी थेट प्यायचे. मात्र बदलून नेलेल्या नोटा आमच्या खिशातच राहिल्या. चहाच्या टपरीपासून सगळीकडे कार्डच लागते. नोटा हातात असून उपाशी राहायची वेळ आली, ती लेकीच्या कार्डाने टळली.

दुसऱ्या दिवशी 'वासा' हे जहाज पाहिले. राजाने मोठ्या दिमाखात बांधलेले हे जहाज 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत, बंदरातच बुडाले. ते 1961 साली वर काढले. वरचा भार फार आणि तळ अरुंद, म्हणून ते कलंडले. ज्या समाजात सगळा भार वरच असतो, त्याचेही दुसरे काय होणार, असे आमच्या मनात आले.

परतताना बोटीवर मराठी कानावर पडली. परमुलखात आपली भाषा! आम्ही आनंदाने बोलू लागलो. "कुठले?" "विक्रोळीचे." "आडनाव काय?" आम्ही सांगितले. "म्हणजे तुम्ही..." असे म्हणून ते गृहस्थ थांबले. तो थांबा आम्हाला चांगला ओळखीचा आहे.

वाचकहो, एक कबुली देतो. लेक पुण्यात शिकायला गेली तेव्हा भाड्याची खोली मिळेना. "कोणी विचारले तर नुसते नाव सांग, आडनाव टाळ," असे आम्हीच तिला शिकवले होते. त्या दिवशी आम्ही उत्तर शोधत असतानाच ती शांतपणे म्हणाली, "आम्ही बौद्ध." गृहस्थ "हो का" म्हणाले आणि पाणी बघू लागले. लेक मात्र आमच्याशी पुढचे बोलू लागली, जणू काही झालेच नव्हते. आमचीच मान खाली गेली.

शेवटच्या दिवशी ती आम्हाला इतिहास संग्रहालयात घेऊन गेली. कशाला, ते सांगेना. तिथे एका काचेमागे कमळावर बसलेले तथागत! ब्राँझची मूर्ती, उंची जेमतेम साडेआठ सेंटीमीटर, मुठीत मावेल एवढी. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडे घडलेली ही मूर्ती स्टॉकहोमजवळच्या हेल्यो बेटावर उत्खननात सापडली. त्याच बेटावर आयर्लंडच्या धर्मगुरूच्या दंडाचा माथा आणि इजिप्तकडची पळीही मिळाली. व्यापारी हातोहात माल नेत, त्यातूनच तीही तिथवर पोचली असावी.

आणि सापडली कधी? 1956 साली! त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला आमचे तात्या, गिरणीतला विशीतला कामगार, नागपुरात बाबासाहेबांसमोरच्या त्या अफाट जनसमुदायात उभे राहून दीक्षा घेत होते. तात्यांनी कधी आडनाव टाळले नाही. त्यापायी कामावरचा पाण्याचा माठही वेगळा सोसला, पण टाळले नाही.

आम्ही पायांतले बूट काढले, हात जोडले आणि हलक्या आवाजात त्रिशरण म्हटले. शेजारी एक गोरी आजी नातीला घेऊन उभी होती. आमचे म्हणणे होईपर्यंत तिने नातीलाही गप्प उभे केले.

बाहेर आल्यावर लेकीला म्हटले, "पुण्याला आम्ही तुला चुकीचे शिकवले, बाळा." ती म्हणाली, "खोली मिळायला हवी होती ना, बाबा. पण आता नको."

त्या मूर्तीचे छायाचित्र आता आमच्या घरात तात्यांच्या तसबिरीशेजारी लावले आहे. आले-गेले विचारतात, "हे कुठले?" आम्ही स्टॉकहोमची सगळी हकीकत सांगतो. बोटीवरचीही सांगतो, काही न टाळता.